बारावा मेल

नाथाने बावीस वर्षांत माझ्याकडे एकदाच काही मागितलं, आणि तेही मी त्याला सरळ हाताने दिलं नाही. हे लिहितानाही मान वर होत नाही.

नाथा सोनिवली गावचा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तो पत्रा कापायचं पॉवर प्रेसचं मशीन चालवायचा. शिफ्ट सुरू होण्याआधी मशीन स्वतः पुसणार, ग्रीस घालणार. दुसऱ्याने हात लावला की कपाळाला आठी. अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा पेपरात गुंडाळून सगळ्या खात्याला वाटायचा. मी प्रॉडक्शनचा साहेब. शेंगा घरी न्यायचो, पण दोन शब्द बोलायला त्याच्या मशीनपाशी कधी थांबलो नाही. साहेबी अंगात भिनली होती.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या महिन्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. हातापुढची संरक्षक जाळी त्यानेच काढली, चूक त्याचीच, असं म्हणून कंपनीने त्याला कामावरून काढलं. कामगार कोर्टात त्याची सुनावणी लागली तेव्हा तो माझ्या घरी आला.

“बाळसायेब, सुयोगसायबांनी जाळीचे मेल तुमाला धाडलेले ना? वकिलाला पायजेत. पण मेलच्या फायली त्याच्या फोनात उघडत नाय. पीडीएफ करून आणा बोलला.”

मेल होते. निवृत्त होताना सवयीने बाराच्या बारा पेनड्राइव्हवर उतरवून घेतले होते. जाळीची बिजागरी तुटलीय, असं सुपरवायझर सुयोग पुन्हा पुन्हा कळवत होता. त्याला मी धाडलेलं उत्तर एकच: ‘ऑर्डर अर्जंट आहे. जाळी काढा, मशीन चालू ठेवा.’ तेवढा मेल मी पुसला आणि उरलेले अकरा घेऊन नाथासोबत निघालो. इतकी वर्षं कमावलेलं नाव जपायचं होतं, दुसरं काय.

उल्हासनगर कॅम्प पाचला किर्तीचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती एकेक फाइल उघडून पीडीएफ करत होती. मी उगाच तिच्या खांद्यावरून डोकावत होतो. चोराच्या मनात चांदणं.

“काका, ह्या शेवटच्या मेलच्या खाली अजून एक मेल चिकटून आलाय,” ती म्हणाली. “तुमच्या नावाचा आहे. ठेवू की काढू?”

सुयोगने ‘जाळी काढली’ असं माझ्या मेललाच उत्तर देऊन कळवलं होतं, आणि त्याच्या उत्तराखाली माझा हुकूम जसाच्या तसा होता. उभा जन्म मेल करण्यात गेला, पण हे माझ्या ध्यानात आलं नाही.

“काढ,” मी म्हणालो.

“नको ताई, ऱ्हाऊ दे,” बाकावरून नाथा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “सायेब, जाळी मीच काढली. सुयोगसायबांनी तुमचा मेल वाचून दाखवला तवाच काढली.”

मी त्याच्यावरच उखडलो. “ठाऊक होतं, तर घरी आलास तेव्हाच का नाही बोललास?”

“म्हटलं, सायेब आपनहून देतील.”

मला लाज वाटली, इतकी की किर्तीकडेही बघवेना. सगळं ठेव, असं तिला कसंबसं सांगितलं. अकरा पीडीएफ तिने वकिलाच्या नंबरवर पाठवून दिल्या. दुकानाबाहेर मी नाथाला म्हणालो, “सोमवारी सुनावणीला मी येतो. जे घडलं ते माझ्या तोंडाने सांगतो.”

“नको सायेब,” तो म्हणाला. “आता कागद बोलंल.”