दादांचं न बसणारं बेलहाउसिंग

माझ्या सासऱ्यांनी खोटं बोलून मला घरात अडकवून ठेवलं होतं.

आज सकाळी ते गेले. तेव्हापासून रडू थांबत नाहीये.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदिरानगरचं घर. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. नवरा नोकरीला मालेगावला, रविवारपुरता यायचा. उरलो दादा, म्हणजे माझे सासरे, आणि मी.

त्यात मला सिन्नरच्या एका कंपनीत क्वालिटीत जॉब लागला. दिवाळीनंतर जॉइन व्हायचं होतं.

"शिफ्ट सुटल्यावर काळीपिवळीत लटकत येणार का? आपली जीप होऊ दे, मग खुशाल जा," दादा म्हणाले.

दादा रिटायर्ड मेकॅनिक. जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन टाकत होते. इंजिन आलं, पण गिअरबॉक्स जुनाच. दोघांना जोडायला मधे घंटेसारखं एक कव्हर लागतं, त्याच्या पोटात क्लच बसतो. ते बेलहाउसिंग. घोडं तिथे अडलं.

भंगारातून एक आणलं. "होल जुळत नाहीत."

दुसरं आणलं. "स्टार्टर चेसिसला लागतोय."

तिसरं नवऱ्याने मालेगावहून आणलं. "शाफ्ट आखूड पडतोय."

दिवाळी झाली. कंपनीने थोडी मुदत वाढवून दिली. माझं आपलं बेडपॅन, भाकरी, भांडी. घर अंगावर यायचं. अंगणात ती चाकं काढलेली जीप बघितली की डोकं फिरायचं.

पण दादांना बॅटरीचा उजेड धरून धरून मलाही कळायला लागलं होतं. ते सांगायचे, "बोल्टने ओढून बसवायचं नाही, सूनबाई. बोल्ट बसतात ते कान तुटतात. हाताने टेकलं तरच ते आपलं."

एकदा ते आईंची औषधं आणायला गेले. मी पदर खोचला आणि ते तिसरं बेलहाउसिंग उचलून इंजिनला लावलं.

हाताने टेकलं. सगळे होल समोरासमोर.

मग पट्टीने त्याची खोली मोजली, गिअरबॉक्सचा शाफ्ट मोजला. शाफ्ट व्यवस्थित पुरत होता.

नुसता संताप संताप झाला.

दादा आले. मी म्हटलं, "हे तर बसतंय."

पिशवी हातात तशीच. "माहीत आहे मला."

"मग?"

"तू गेलीस की हिचं कोण करणार? मला भीती वाटते गं. मला तिला साधं कुशीवर वळवता येत नाही."

सासरा सुनेशी असं बोलतो? मला वाईट वाटलं, पण राग काही जाईना.

"शिकवते," मी म्हटलं. "आत्ताच. हात धुऊन या."

साबणाने घासून घासून ग्रीस काढलं त्यांनी. आईंना घट्ट आवळून धरलं. आईच म्हणाल्या, "हळू, पडत नाही मी."

जीप झाली. मी नोकरीला लागले.

पुढे आई होत्या तोवर त्यांचं न्हाणं, जेवण, वेणी, सगळं दादांनीच केलं. वेणी तर माझ्यापेक्षा नीट घालायचे. मला सुट्टी असली तरी हात लावू द्यायचे नाहीत.

दादा, घाबरत घाबरत का होईना, तुम्ही मला जाऊ दिलंत. आज तुम्हाला जाऊ द्यायची वेळ माझ्यावर आली, आणि मला ते जमत नाहीये.

शेवटचा नमस्कार करते.