ज्यांची चूल दाखवली नाही

लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवून तो विचारायचा, "यांची चूल कुठं हाय?" काचेवर तेलकट ठसा उमटायचा आणि आम्ही ओरडायचो.

नांदेडला आम्ही तिघे एका खोलीत राहायचो. तो लातूर जिल्ह्यातल्या मुरुडचा, मी हदगावचा आणि तिसरा लातूर शहरातला, लॅपटॉपचा मालक. आम्ही खेळायचो त्या गेममध्ये दोन टोळ्या होत्या, गडवाले आणि दलदलवाले. गडवाले शूर, दलदलवाले दगाबाज, असं आम्ही दोघे धरून चाललेलो. तो दलदलवाल्यांचा वकील.

"गडवाल्यांची भाकरी दाखवली, लेकरं दाखवली, म्हातारी दाखवली. यांचे नुसते भाले. ज्याची चूल दाखवत न्हाईत ना गड्या, त्याला गोष्टीत मरायलाच आणलेलं असतंय."

"मग यांचा सरदार फितूर होतो, त्याचं काय?" मी विचारायचो.

"फितूर दर खेपेला ह्याच बाजूला कसा निघतो, ते इचार की लिहिणाऱ्याला!"

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. बोलतो बरोबर, पण लोकांना आधी हसू येतं. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. गोष्ट कशी वाचायची हे मात्र मला त्याने शिकवलं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सांगणं जड जातं.

पुण्यातली एक कंपनी गेमच्या गोष्टी लिहायला माणसं घेत होती. अर्जासोबत स्वतः बोललेलं विश्लेषण पाठवायचं होतं. त्याने आठ दिवस तयारी केली. आमचं छोटं चॅनल होतं. पडद्यावर खेळ, मागे नुसते आवाज. तसाच अर्जासाठी आम्ही चाळीस मिनिटं वाद घातला आणि तो रेकॉर्ड केला. तो जिंकला.

कापाकापी लातूरकराने केली, मी शेजारी बसून. चाळीस मिनिटांचं दीड मिनिट उरलं. "यांची चूल कुठं हाय?" अकरा वेळा, मागे ढोलकी. तेच चॅनलवर टाकलं. जागा नाही म्हणून मूळ रेकॉर्डिंग उडवून टाकलं.

दोन दिवसांत ते कॉलेजभर पसरलं. मेसमध्ये तो जेवायला बसला की पोरं वाढणाऱ्या मावशींना विचारायची, "मावशी, चूल कुठं हाय?" एकदा तो भरल्या ताटावरून उठला.

खोलीवर येऊन एवढंच म्हणाला, "पूर्ण दे. उद्या पाठवायचंय."

"ते न्हाई राहिलं," लातूरकर त्याचीच नक्कल करत म्हणाला. "हेच पाठव की. लई गाजून राहिलंय."

मी हसलो.

त्याने अर्ज पाठवला नाही. त्याच आठवड्यात खोली सोडली. परीक्षेला दिसला, तेव्हा आमच्याकडे बघितलंही नाही.

चॅनलवर मात्र लोक त्यालाच मागत राहिले. मग त्याच्या जागी मी बोललो. अवघड गेलं नाही. नांदेडला आल्यावर वर्षभर खटपट करून मी तीच बोली जिभेवरून काढून टाकली होती. फरक कुणाला कळला नाही.

दिवाळीत हदगावला आईला मोबाइलवर तो माझ्या आवाजातला व्हिडिओ दाखवला. तिने दोनदा ऐकला, मग खालच्या हसऱ्या चेहऱ्यांवर बोट ठेवलं.

"लोकं हसून काऊन राहिले रे? आपल्यासारखाच तर बोलून राहिला. आपल्याकडचा हाय का ह्यो?"

"नाही," मी म्हणालो, "मुरुडचा आहे."