कवीची राहून गेलेली यमकं

घाटंजीच्या कॉलेजात असताना मी एका निर्यमक कवितेला यमकं जोडून दिली. परवा कुठूनसा सरकीचा वास आला आणि तो वर्ग आठवला. खिडकीपलीकडच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू उडत येत आणि फळ्यावरच्या लघु-गुरूच्या खुणांना चिकटून बसत. मॅडमनी त्या कवितेचं वृत्त, यती आणि अलंकार ओळखायला सांगितले होते, आणि ज्याचं विश्लेषण चांगलं, तोच यवतमाळच्या कार्यक्रमात ते वाचणार होता. वृत्त मी बरोबर ओळखलं, उपमा-रूपकंही सापडली. पण एकाही ओळीला यमक नाही हे पाहून मला कवीची दया आली. "ती यमकं खोड, तुझंच नाव पाठवते," मॅडम म्हणाल्या. "नाही खोडत मॅडम, पहिले आयकून तं घ्या," म्हणत मी उभाच राहिलो आणि माझी दुरुस्त कविता चांगली सूर लावून, लांबवत लांबवत सगळी म्हटली. यवतमाळला दुसरीच कोणी गेली. ती यमकं मला आजही झकास वाटतात, मग तेव्हा मागच्या बाकावरून माझाच मित्र काहीही ओरडला असो: "मॅडम, अक्षता वाटा ना लवकर, नाही तं हा काही खाली बसत नाही!"