निवृत्तीच्या कमरेला चिकटवलेला पट्टा

निवृत्ती चॅम्पियन नव्हता.

त्याला जाऊन तेरा दिवस झाले आणि मी हे लिहितोय. चिडणारे खुशाल चिडोत.

आज सकाळी नाशिक रोडच्या आमच्या व्यायामशाळेत त्याची शोकसभा होती. आत पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं.

दहा फुटी फ्लेक्स. त्यावर निवृत्तीचा फोटो. कमरेला सोनेरी पट्टा, कॉम्प्युटरवर चिकटवलेला.
खाली मोठ्या अक्षरात, 'अपराजित लाइटवेट चॅम्पियन'.

आणि ठोकलाय कुठे? त्याच्या यादीवर. नावांत खिळे मारून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. निवृत्ती एकलहऱ्याला पॉवर हाऊसमध्ये फिटर होता. संध्याकाळी व्यायामशाळेत पोरांना बॉक्सिंग शिकवायचा, फुकट. तिथल्या भिंतीवर त्याने ऑइल पेंटने जगातल्या लाइटवेट चॅम्पियनांची यादी लिहिली होती. शंभरावर वर्षांची.

रद्दीवाल्याकडची इंग्रजी मासिकं वाचून वाचून लिहिली. मी सातवी पास, तो नववी नापास. डिक्शनरी दोघांत एक.

यादीचा नियम साधा होता. चॅम्पियनला रिंगमध्ये जो हरवेल, त्याचं नाव त्याच्या खाली.

पूर्वी ते सोपं होतं. एक वजनगट, एक राजा. मग चॅम्पियन ठरवणाऱ्या संघटना दोन झाल्या, पुढे चार. चौघींचे चार पट्टे. त्यात कोणी सुपर चॅम्पियन, कोणी इंटरिम म्हणजे हंगामी. राजा वरच्या वजनात गेला की गादी रिकामी, आणि ती भरायला प्रत्येकीचा वेगळा नवरदेव.

संघटना दोनच होत्या तेव्हा पनामाचा एक पठ्ठ्या दोन्ही पट्टे एकत्र करून वरच्या वजनात निघून गेला. निवृत्तीने त्याच्या नावाखाली जागा मोकळी सोडली. खरा वारस कोण ते रिंगमध्ये ठरेपर्यंत ब्रश उचलला नाही.

अलीकडेही गादी रिकामी झाली की तो असाच थांबायचा. पोरं म्हणायची, सर, नेटवर नाव आलंय की.
"नेटवर आलंय. रिंगमध्ये आलंय का? एका गावाला चार पाटील असले, तर पाटील कोणीच नसतो."

अशा माणसाला तुम्ही डिंकाने पट्टा लावता?

व्यायामशाळेच्या सेक्रेटरीला म्हटलं, हे आधी उतरव. तो हसला.
"तात्या, गेलेल्या माणसाला एक पट्टा दिला तर तुमचं काय जातं?"

मागून कोणीतरी पुटपुटलं, तात्यांना तो जुना कप झोंबतोय.

झोंबलंच. पण कप म्हणजे काय ते तरी ऐका.

आम्ही पंचविशीत होतो. जिल्ह्याची फायनल, साठ किलो, निवृत्ती विरुद्ध मी. काट्यावर उभा राहिलो तर तीनशे ग्रॅम जास्त. आदल्या दिवशी मावसबहिणीकडे बारसं होतं, पुरणपोळीला नाही म्हणवलं नाही. मी बाद. एकही ठोसा न मारता निवृत्तीचा हात वर गेला, कप त्याला मिळाला.

नियमाप्रमाणेच झालं. तिकडे जगाच्या लढतीतही काट्यावर पट्टे गेलेत.

आठ दिवसांनी हा गडी कप कापडी पिशवीत घालून जेलरोडला माझ्या दारात उभा.

"तुला काट्याने पाडलं, मी नाही. वजन उतरव, मग बघू."

महिनाभर मी काकडी आणि ताकावर राहिलो. रोज चेहेडीपर्यंत पळत जायचं, पळत यायचं. शेवटी भुसार दुकानातल्या ज्वारीच्या काट्यावर आम्ही पाळीपाळीने उभे राहिलो. दुकानदार विचारत होता, पोतं कोणतं आधी मोजू? दोघंही साठच्या आत.

त्याच संध्याकाळी तीन राऊंड झाले. आमचे वस्ताद रेफरी होते.

मी जिंकलो. पॉइंट्सवर, अगदी निसटता.

डावा डोळा सुजलेला, तसाच त्याने पिशवीसकट कप माझ्या हातात दिला. मी म्हटलं, राहू दे रे, पेपरात तुझं नाव छापून आलंय. तो म्हणाला, पेपर रद्दीत जातो.

दुसऱ्या दिवसापासून भेटेल त्याला स्वतःच सांगत सुटला की मी हरलो. मुलगी बघायला गेला तिथेही पोह्यांची डिश हातात घेऊन पहिलं तेच सांगितलं. वहिनी अजून हसतात त्यावर.

आता कळलं का, 'अपराजित' म्हणजे काय ते?

म्हणजे ते तीन राऊंड झालेच नाहीत. म्हणजे तो माझ्या दारात आलाच नाही. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही पुसलीत, आणि वर हार घातलात.

सेक्रेटरी वहिनींकडे गेला. त्याला वाटलं, त्या तरी त्याची बाजू घेतील. वहिनी जागेवरून उठल्या सुद्धा नाहीत.

"हे असते तर हा फ्लेक्स उतरवल्याशिवाय त्यांनी हार घालू दिला नसता. भाऊजी, काढा."

बहात्तराव्या वर्षी मी स्टुलावर चढलो. सेक्रेटरीने तोंड वाकडं करून का होईना, पाय धरला. स्टुलाचा. खिळे उपटले. नावांना भोकं पडलीत, ती राहतील.

पण तोवर तो फोटो सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर गेला होता. मलाही चार ठिकाणांहून आला, खाली हात जोडलेले. फोनवरचं उतरवायला माझ्याकडे स्टूल नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांच्याकडे आलाय, त्यांनी पुढे ढकलू नका. पाठवायचंच असेल तर एवढं पाठवा:

निवृत्ती. फिटर, एकलहरे. वजन साठ किलो.
जिल्ह्याचा चॅम्पियन ठरला होता.
स्वतःहून पुन्हा लढायला आला, आणि हरला.

मित्रा, तू माझ्याशी लढलास, हा माझा मान.
शेवटचा नमस्कार.