टाकीवरचं कुलूप

पोंभुर्ण्याची साधना दहिवले दूध घेताना मापाकडे बघायची नाही, दूधवाल्याच्या डोळ्यांकडे बघायची. दुकानातलं मीठसुद्धा जिभेवर ठेवून पाहिल्याशिवाय डब्यात ओतायची नाही. नवरा राजदीप ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेक्यावर कामाला होता. तो हसून म्हणायचा, "तुले आरशातल्या बाईवरही भरोसा नाई."

"आरसा कोणत्या दुकानातून आणला, ते सांगा अगोदर," ती म्हणायची.

हा स्वभाव तिला वडिलांकडून आला. त्यांच्या, देवाजींच्या, बोडीतले म्हणजे शेततळ्यातले मासे एका सकाळी पोट वर करून तरंगले. कोणी काही टाकलं की आपसूक मेले, ते कधीच कळलं नाही. देवाजींनी मात्र एकेका घराशी बोलणं सोडलं, आणि जाईपर्यंत त्यांना गावात एकही माणूस स्वच्छ दिसला नाही. साधना लहान होती. जेवायला बसल्यावर ताटात भाजी काहीही असो, बोलणं एकच असायचं: कोण असेल?

मोठी झाल्यावर तिने घरामागे हिरवी जाळी ताणून शेड उभारली. मातीविना भाजी पिकवण्याचं शिक्षण चंद्रपूरला जाऊन घेतलं होतं. पांढऱ्या पाइपांना भोकं, भोकांत स्पंजवर वाढलेली रोपं, खाली मुळांजवळून वाहणारं खताचं पाणी. ते पाणी कोपऱ्यातल्या टाकीतून मोटरने वर चढायचं आणि फिरून टाकीतच यायचं. पालक, कोथिंबीर, लेट्यूस. माल ऊर्जानगरच्या क्वार्टरांत जायचा. तिथे करिश्मा नावाची बाई घरोघरी पोचवायची.

शिकवणाऱ्या सरांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. दर दोन आठवड्यांनी टाकी पूर्ण रिकामी करा, घासा, नवं पाणी भरा, मग 'अ' आणि 'ब' दोन्ही बाटल्यांतलं खत एकामागून एक, ढवळत ओता. साधनाने मान डोलावली. पण ते सर खताच्या बाटल्याही विकायचे, हे तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"खत विकणारा हाच, आन् खत फेकून द्या म्हणणाराही हाच," ती घरी येऊन राजदीपला म्हणाली. "मले काय येडी समजते?"

तिने आपली रीत काढली. टाकीतलं पाणी उतरलं की वरून बोअरचं पाणी घालायचं आणि पाण्यातलं खत मोजणाऱ्या मीटरचा आकडा बरोबर येईल तेवढंच खत. एक थेंब वाया नाही. पहिला माल झकास आला, दुसराही. तिला वाटलं, सरांची चलाखी आपण बरोबर ओळखली.

थंडी पडली आणि लेट्यूसच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या. कोवळी पानं आकसली. मुळं, जी दोऱ्यासारखी पांढरी असायची, ती मळकट झाली. साधनाने मीटर बुडवला. आकडा बरोबर. धुवून पुन्हा बुडवला. तोच आकडा.

मीटर खोटं बोलत नाही, मग माणूस बोलत असणार.

शेडमध्ये तिच्याशिवाय एकच माणूस यायचं. जंगलालगतच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, सोमारी कोडापे. पाइप धुणं, रोपं लावणं, माल कापणं, सगळं तिच्या हातचं. साधनाहून चार पावसाळे जास्त पाहिलेली, कमी बोलणारी. पण काम करता करता घरच्या गोष्टी सांगायची, विशेषतः मुलाच्या सासरकडच्यांच्या.

"तुमची सोमारी सांजच्याले डबा भरून नेते. काय राह्यते त्यात?" माल न्यायला आलेल्या करिश्माने एकदा सहज विचारलं. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी साधना जाळीआड उभी राहिली. सोमारी टाकीजवळ वाकली होती, हातात डबा होता, आणि टाकीचं झाकण सरकलेलं होतं.

"काय करून राह्यली?"

सोमारी दचकली. "पाइपाच्या सांध्यातून गळते ना, बाई. तेवढं घरच्या वेलाले नेतो."

"मंग झाकण काऊन उघडं?"

"मोटर घरघर करत होती. पाह्यलं."

साधनाला दोन्ही उत्तरं फार लवकर आल्यासारखी वाटली. त्यानंतर सोमारी पाइपाला हात लावी तेव्हा साधना तिच्या हाताकडे बघे. पदराच्या गाठीत काय आहे, डबा येताना रिकामा असतो का, याची टेहळणी सुरू झाली. पानं जळतच होती. शेवटी तिने टाकीच्या झाकणाला कडी बसवून घेतली, कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली. करिश्माच्या कानावरही घातलं: सोमारी टाकीत काही टाकते.

सोमारी सकाळी आली. कुलुपाकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"हे टाकीले लावलं का मले, बाई?"

साधनाने कमरेची चावी चाचपली. सोमारीने कात्री खिळ्याला अडकवली आणि निघून गेली.

आता पानं सुधारणार, ही साधनाची खात्री होती. आपलं खत आणि पाणी चांगलंच आहे, हा गावाला दाखवायला पुरावा हवा म्हणून तिने गच्चीवर एक बादली मांडली. बोअरचं ताजं पाणी, त्याच बाटल्यांतलं खत, त्याच ट्रेमधली रोपं. उरलेली रोपं खाली शेडमध्ये लावली.

आठवडा उलटला. बादलीतली रोपं तरारली. शेडमधल्यांच्या कडा पुन्हा जळाल्या.

दुसरी चावी असेल, म्हणून तिने कुलूप बदललं. राजदीपने भुवया उंचावल्या. नव्या कुलुपातही पानं जळली. मग मात्र साधना टाकीसमोर बसली. बी तेच, खत तेच, बोअर तीच. वेगळं होतं ते एवढंच, की बादलीतलं पाणी नवं होतं आणि टाकीतलं दिवाळीपूर्वीपासून तिथेच फिरत होतं. त्यात वरून ओतणारे हात फक्त तिचे होते.

मन मारून तिने सरांना फोन लावला.

"मीटर एकूण क्षार मोजतो, कोणते ते सांगत नाही," सर म्हणाले. "रोप हवं ते घेतं, नको ते टाकीत सोडतं. तुम्ही वरून बोअरचं जड, क्षारांचं पाणी घालत गेलात. आकडा बरोबर दिसला, पण आत रोपाच्या कामाचं थोडंच उरलं."

तिचा विश्वास बसला नाही. तिने टाकी उपसली. तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ होता. हाताने खरवडला तर बोटांना चिकटला. तिने टाकी घासली, नवं पाणी भरलं, अ ओतलं, ढवळलं, मग ब. पुढच्या रोपांची पानं कडेपर्यंत हिरवी आली. ती बघून तिला आनंद झाला नाही.

ती टोल्यावर गेली तेव्हा सोमारी अंगणात लाखोळीची भाजी निवडत होती. कुडाच्या कुंपणावर वालाचा वेल चढला होता. साधना तिच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "माही चूक झाली, सोमारीबाई. पाणीच जुनं होतं. तुमी काई नाई केलं."

सोमारीने मान वर केली नाही. "मी दवा टाकली, हे साऱ्या टोल्याले मालूम झालं. आन् तुमी इथी कानात सांगून राह्यल्या. जोरात बोला."

साधनाचा चेहरा तापला. ती उठून उभी राहिली. समोरच्या दारात दोन बाया होत्या, झाडाखाली म्हातारे बापूजी बसले होते. "सोमारीबाईनं टाकीत काई टाकलं नाई!" ती ओरडून म्हणाली. "मीच पाणी बदललं नाई, आन् नाव तिचं घेतलं!"

बापूजींनी हूं केलं. बाया आत गेल्या.

"मोहफुलं वेचून झाली का येईन," सोमारी म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

उन्हाळ्यात ती आली. आता टाकी वेळेवर रिकामी व्हायची. जुनं पाणी साधना स्वतः कुंपणाच्या झाडांना सोडायची. खताच्या बाटलीचं सील मात्र ती अजूनही तीनदा तपासायची, आणि दूधवाला तिची नजर अजून चुकवायचा. सोमारी काम पूर्वीसारखंच करायची, पण बोलणं फक्त रोपांपुरतं. घरचं काही नाही. साधनाने खूपदा विषय काढला. ती हो-नाही करून पाइप धुवायला लागायची.

पावसाळा सरता सरता एका सकाळी कोथिंबीर कापताना सोमारी एकाएकी म्हणाली, "पोराच्या सासूनं काल काय केलं, मालूम आहे?" आणि मग दुपारपर्यंत सांगत बसली. साधनाच्या जिभेवर चार शंका आल्या. तिने एकही विचारली नाही. ती जुड्या बांधत ऐकत राहिली.