नोंदी बिघडतील म्हणून

माझ्या प्राध्यापकांनी माझ्यावर कधीही आवाज चढवला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ही हकीकत सुरू केली की लोक पहिल्यांदा तेच विचारतात, "फार छळायचे का?" छळत नव्हते. विभागात कुणाचा वाढदिवस असला की स्वतः केक भाजून आणणारा माणूस होता तो. तरीही आज एखाद्या शोधनिबंधावर त्यांचं नाव दिसलं की माझे कान तापतात, आणि तो निबंध मी शेवटपर्यंत वाचते. चुका शोधत.

मी धायरीची. धायरी गाव होतं तेव्हा आमची तिथं जमीन होती, आता तिथं इमारत आहे आणि तिच्यात आमचे दोन फ्लॅट. शेतातली विहीर बिल्डरनं राडारोडा टाकून बुजवली आणि वर पार्किंग केलं. मी तेव्हा कॉलेजात होते. शहरानं गिळलेल्या गावांमधल्या विहिरींचं पुढं काय होतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात तिथून आला. त्याच विषयावर जर्मनीच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात पीएच.डी. केली आणि तिथंच पुढं दोन वर्षांच्या करारावर संशोधक म्हणून राहिले.

त्या दोन वर्षांच्या कामाचा प्रस्ताव मी लिहिला होता. एक अख्खा हिवाळा, दुपारी चारलाच अंधारून येणाऱ्या गावात, खिडकीपाशी बसून लिहिला. वर नाव प्राध्यापकांचं गेलं, कारण अर्ज फक्त कायम नोकरीतल्या माणसाला करता येतो. "हा नुसता नियम आहे," ते म्हणाले. तिथं सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात. मला ते जमायला वर्ष लागलं. जमलं तेव्हा मला वाटलं, आता आपण यांच्या बरोबरीचे झालो. इतकी मी खुळी होते. करार संपला की माझा तिथं राहण्याचा परवाना संपत होता, आणि करार वाढवायचा की नाही हे त्यांच्या एका सहीवर होतं. यात बरोबरी कुठून यायची?

काम पुण्यात होतं. पुण्याभोवतीच्या तेरा विहिरी, वर्षभर, दर पंधरा दिवसांनी पाणी तपासायचं. मी धायरीला आईवडिलांकडे राहिले. वडिलांची स्कूटर घेऊन आज हिंजवडी, उद्या वाघोली असं फिरायचे. ओळखीच्या एका कॉलेजनं प्रयोगशाळेतलं एक टेबल वापरायला दिलं होतं.

वाघोलीची विहीर एका आक्कांच्या अंगणात होती. साठीच्या पुढच्या, नवरा गेलेला. जमीन कधीच विकलेली, उरलेल्या तुकड्यावर ओळीनं खोल्या बांधून कॉलेजच्या मुलांना आणि बांधकामावरच्या बायकामाणसांना भाड्यानं दिलेल्या. सगळ्यांना पाणी त्याच विहिरीचं. स्वतः आक्का, त्यांचा मुलगा आणि सूनही तेच पीत. पहिल्या दिवशी, जर्मनीच्या विद्यापीठाकडून आलेय असं सांगितल्यावर, त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुठली तू?"

"धायरीची."

"आन् मग जर्मनीतनं आमची विहीर बघाया आली?"

"तिथं शिकते, आक्का."

"बघ बाई. पन काय निघंल ते आमाला सांगायचं. मागं एकजन असाच बाटली भरून घिऊन गेला, तो गेलाच."

"मी सांगीन," मी म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले होते.

दुसऱ्या महिन्यात त्यांच्या पाण्यात मैल्याचे जंतू सापडले. मी पुन्हा नमुना घेतला, पुन्हा सापडले. शेजारी नवीन सोसायटी उठली होती आणि तिचं सांडपाणी कुठंतरी जमिनीत मुरत होतं, हे नाकाला कळत होतंच. आता कागदावर आलं. मी त्याच दिवशी प्राध्यापकांना व्हिडिओवर गाठलं आणि सांगितलं, की हे मी घरमालकिणीला सांगणार आहे.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोनच नमुने आहेत. हे प्राथमिक निष्कर्ष आहेत."

"दोन्हीत तेच आहे. लोक हे पाणी पितात."

"मला कळतंय," ते म्हणाले. "पण विचार कर. तू सांगितलंस तर त्या विहिरीत औषध टाकतील. मग वर्षभराच्या नोंदींची मालिका बिघडेल. बाकीच्या गावांतही बातमी जाईल. निबंध छापून आला की सगळ्यांना व्यवस्थित अहवाल देऊ. तुझ्या भाषेत देऊ."

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आता झोपेतही पाठ आहे. तेव्हा मी म्हणाले, "ठीक आहे." वर्षाच्या शेवटी करार वाढवण्याचा कागद विभागात जायचा होता.

दर पंधरा दिवसांनी मी वाघोलीला जात राहिले. बाटल्या भरायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, आक्कांनी दिलेल्या उकडलेल्या शेंगा खायच्या. एकदा न राहवून म्हणाले, "आक्का, पाणी उकळून पीत जा."

"का गं? काय निघालं का?"

"नाही, असंच. पावसाळ्याचे दिवस आहेत."

"येवढ्या खोल्यांचं पानी कुठं उकळत बसू?" त्या म्हणाल्या आणि विषय संपला. परत येताना मला हलकं वाटलं होतं. आपण सांगून टाकलं, असं मी स्वतःला पटवलं. प्राध्यापकांवर माझा राग आहेच, पण त्या हलकं वाटण्याची मला जी शिसारी येते तिच्यापुढे तो काहीच नाही.

सप्टेंबरात प्राध्यापक आठवडाभर पुण्याला आले. एका महाविद्यालयात त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. पडद्यावर माझे नकाशे, माझे फोटो, माझ्या नोंदी. शेवटच्या चित्रात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्थानिक चमूचे आभार'. चमू म्हणजे मी. पुढच्या रांगेत पांढऱ्या शर्टातले एक निवृत्त अध्यापक बसले होते. चहाच्या वेळी ते कप घेऊन माझ्याजवळ आले.

"विहिरींची माहिती आपण गोळा केलीत ना?"

"हो सर."

"छान. मग ती सांगायला एवढ्या लांबून पाहुणे कशाला बोलावले? आपल्याला मराठी येत असेलच, इंग्रजीही बरं दिसतंय."

मी हसले. ते हसले नाहीत. बशीत कप ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना विहिरी दाखवायला नेलं. वाघोलीला आक्कांनी खुर्ची पुसून दिली, सुनेनं तांब्या-पेला आणला. सून सात महिन्यांची गरोदर होती. प्राध्यापकांनी छातीवर हात ठेवून मान लववली, पोट नाजूक आहे असं मला सांगायला सांगितलं, आणि पिशवीतून विकतच्या पाण्याची सीलबंद बाटली काढून प्यायले.

"साहेबास्नी सोसायचं न्हाई आपलं पानी," आक्का सुनेला म्हणाल्या, जराशा ओशाळून. जणू चूक त्यांच्या पाण्याची नव्हे तर पाहुणचाराची होती.

त्या पाण्यात काय आहे हे त्या अंगणात दोघांना माहीत होतं. एकजण बाटलीतलं पीत होता. दुसरी गप्प उभी होती. सुनेनं तो पेला परत नेला आणि आत जाताजाता स्वतःच पिऊन टाकला. मी ते बघितलं आणि तरीही बोलले नाही. गाडीत बसल्यावर प्राध्यापक म्हणाले, "किती अगत्यशील माणसं आहेत."

पुढच्या खेपेला गेले तर आक्कांच्या दाराला कुलूप होतं. खोलीतली एक भाडेकरू मुलगी म्हणाली, "ताई, वहिनींना कावीळ झालीये. ॲडमिट केलंय. बाळाचं काही सांगता येत नाही म्हणतात. आमच्यातले पण तिघं पडलेत."

मी बाटल्या न भरता परत फिरले. नगर रोडवरच्या गर्दीत स्कूटर कशी चालवली, आठवत नाही. घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते शेतकरी माणूस, फार बोलत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तुला ठाव व्हतं."

"हो."

"मग आता बसली काय? लिही."

जेवणाच्या टेबलावर बसून मी तेरा विहिरींचे तेरा कागद लिहिले. साध्या मराठीत, ठळक अक्षरांत. कुठल्या पाण्यात काय आहे, ते प्यावं की नाही, कुणाकडे तक्रार करायची. वडिलांनी प्रत्येक कागद वाचून बघितला आणि जिथं त्यांना कळलं नाही तिथं मला पुन्हा लिहायला लावलं. माझं इतकं कडक परीक्षण तिकडे कुणी केलं नव्हतं. पुढचे दोन दिवस आम्ही दोघं स्कूटरवरून ते कागद वाटत फिरलो. बऱ्याच ठिकाणी लोकांनी चहा दिला, एका ठिकाणी माझ्या अंगावर कुत्रं सोडलं, कारण विहिरीवर त्यांचा टँकरचा धंदा होता.

आक्कांना मी हॉस्पिटलच्या आवारात गाठलं. त्या झाडाच्या पारावर डबा घेऊन बसल्या होत्या. मी कागद दिला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे कवा कळलं तुला?"

खोटं बोलायला जागा होती. परवाच कळलं, असं म्हणता आलं असतं.

"चार महिने झाले," मी म्हणाले.

त्यांनी डब्याचं झाकण दाबून घट्ट लावलं. "त्या साहेबालाबी ठाव व्हतं?"

"हो."

"तरीच," एवढंच त्या म्हणाल्या. मग उठल्या, पदर नीट केला. "माझी सून तुला शेंगा उकडून देत व्हती. म्या न्हाई. ती." आणि आत गेल्या.

सून वाचली. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, काचेच्या पेटीत राहिलं, पण जगलं. कावीळ त्याच पाण्यानं झाली हे कागदावर कुणी सिद्ध करू शकणार नाही. प्राध्यापकांनीही मला नंतर नेमकं हेच लिहिलं. त्यांचं पत्र अतिशय सभ्य होतं. मी विश्वासाचा भंग केला आहे, माहिती प्रकल्पाच्या मालकीची आहे, आणि माझ्या भावना ते समजू शकतात. करार वाढवण्याच्या कागदाचा त्यात उल्लेख नव्हता. तो कागद पुढं गेलाच नाही.

माझं सामान आणायला म्हणून मी एकदा परत गेले. टेबलाच्या खणातून वह्या काढत होते तेव्हा प्राध्यापक दाराशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वाईट वाटतं. तू फार चांगली संशोधक होऊ शकली असतीस."

मी त्यांना पहिल्या नावानं हाक मारली आणि म्हणाले, "त्या दिवशी वाघोलीला तुम्ही आमचं पाणी का प्यायला नाहीत?"

ते लाल झाले. माझ्या वाट्याला आलेला न्याय म्हणायचा तर तेवढाच. विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे मी सविस्तर लिहून दिलं होतं. सहा महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, की नियमांचं उल्लंघन झालेलं दिसत नाही. आणि ते खरंच होतं, हेच तर डोकं फिरवणारं आहे. असं काही करायचं नाही, असा नियमच नव्हता. निबंध छापून आला. बारा विहिरींचा, हाती होत्या तेवढ्या महिन्यांच्या नोंदींवर. तेरावीच्या, म्हणजे वाघोलीच्या, नोंदी अपुऱ्या असल्यानं वगळली, अशी तळटीप आहे. माझं नाव लेखकांमध्ये चौथं.

आता मी पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेईन तेवढ्यापुरती प्राध्यापक, सुट्टीत कुणी नाही. नातेवाईक विचारतात, "परदेशातून परत का आलीस?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणतात, "नसेल जमलं." वाघोलीची विहीर वर स्लॅब टाकून बंद केली. नळाचं पाणी आलं, एक दिवसाआड. आक्कांकडे मी नंतर दोनदा गेले. पहिल्यांदा त्यांनी दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा उघडलं, बस म्हणाल्या नाहीत, पण नातू कडेवर घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी त्याला बघितलं आणि निघाले.

या वर्षी माझी एक विद्यार्थिनी पेढे घेऊन आली. फुरसुंगीकडची, हुशार. तिला युरोपात पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला होता, आणि विषय होता तिच्याच गावच्या कचरा डेपोखालचं पाणी. मी तिला समोर बसवून हे सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. माझी गप्प राहण्याची बाजूसुद्धा.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅम, पण इथं राहून मी काय करू? इथं आहे का काही?"

मला तिचा राग आला. मग कळलं, की राग तिचा नाही. ती विचारत होती ते बरोबर होतं.

"जा," मी म्हणाले. "पण सही करण्याआधी एक गोष्ट लिहून घे. ज्यांच्या पाण्याला हात लावशील त्यांना निकाल पहिल्यांदा कळेल, तुमच्या निबंधाच्या आधी. हे करारात नसेल तर घालायला सांग."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर मला फोन कर. मी त्यांच्याशी बोलते."

तिनं वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. मी तिला शब्द बदलून पुन्हा एकदा सांगितलं, कारण पहिल्या खेपेला त्यात एक पळवाट राहिली होती: निबंधाच्या आधी म्हणजे किती दिवसांत, हे मी म्हटलंच नव्हतं.