ढगाचा गेम

सर पहिल्यांदा आमच्या क्लासमध्ये आले तेव्हा पोरांना वाटलं, कोणाचे तरी आजोबा विसरलेला डबा द्यायला आलेत. पांढरा बुशशर्ट, पांढरे केस, काखेत छत्री. त्यांनी दाराशी चपला काढल्या, कारण दारावर तशी पाटीच होती. धुळीने कॉम्प्युटर आजारी पडतो, असं आमच्या मालकांचं ठाम मत होतं. मग त्यांनी मला विचारलं, "शिकवणाऱ्या बाई कुठे भेटतील?"

"मीच," मी म्हणाले.

"छान," म्हणाले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. ते फी भरून शिकायला आले होते.

ही ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. धरमपेठेत एका शिलाई मशीनच्या दुकानावर आमचा क्लास होता. कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. तो घरच्यासारख्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचा. टेपरेकॉर्डर चालू केला की किर्रर्र असा आवाज सुरू होई आणि खालच्या दुकानातला कारागीर वर मान करून ओरडे, "बाई, उंदीर पकडून राहिल्या का?" मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. खापरखेड्याच्या कॉलनीतून एसटीने ये-जा करायची. कॉम्प्युटरची बेसिक ही भाषा मला पोरांच्या पुढे जेमतेम एक धडा यायची, पण तेवढं पुरत होतं.

सर हायस्कुलात संस्कृत शिकवून रिटायर झाले होते. क्लास का लावला, तर म्हणाले, "घरी बसलो की हिच्या कामात लुडबूड होते. तिनंच पाठवलं." बाकीची पोरं पाढ्यांचे, व्याजाचे प्रोग्रॅम लिहीत. सर मन लावून तेही लिहीत. पण एक दिवस मालकांच्या भावाने परदेशातून खेळांच्या कॅसेट पाठवल्या आणि त्यांतल्या एकीने सरांना वेड लावलं.

त्या खेळात चित्र नव्हतं, गोळीबार नव्हता. पडद्यावर इंग्रजीत लिहून यायचं, की तुमचं जहाज फुटलंय, तुम्ही बेटावर एकटे आहात, उत्तरेला झाडी आहे. मग आपण टाइप करायचं, उत्तरेला जा. इंग्रजीतल्या एका फार जुन्या कादंबरीवरून तो बनवला होता. सर शब्दकोश घेऊन बसत. दोनदा उपाशी मेले, एकदा बुडाले, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे हे लोक आपल्या जुन्या पुस्तकांचे खेळ करतात. मग आपण काहून नाही करायचे?"

एरवी ते अगदी शुद्ध बोलत. 'काहून' तोंडातून निघालं म्हणजे स्वारी उत्साहात आहे असं समजायचं.

त्यांच्या डोक्यात एक जुनं संस्कृत काव्य होतं. मी आधीच सांगून टाकलं, "सर, मला संस्कृत नाही येत. मी शाळेत पाली घेतलं होतं." आमच्या बाबांनी तरुणपणी नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात पालीच. संस्कृत म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातलं झाड, असंच मला वाटायचं. सर म्हणाले, "पाली येतं? वा! ते मला तुमच्याकडून शिकायचंय. सध्या मी गोष्ट मराठीत सांगतो, तुम्ही ती मशीनला सांगा."

गोष्ट साधी होती. एका माणसाला शिक्षा म्हणून घरापासून दूर धाडलेलं असतं. तो रामटेकच्या डोंगरावर राहतो. निदान आम्ही नागपूरकर तरी तो डोंगर रामटेकचाच समजतो. एक दिवस तिथे ढग येतो. माणूस त्याला म्हणतो, उत्तरेला माझी बायको आहे, तिला माझा निरोप दे. आणि मग वाटेत काय काय लागेल ते सगळं सांगतो. नद्या, डोंगर, शहरं.

"म्हणजे आपला खेळाडू ढग," मी म्हणाले.

"ढग," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाढ्यांच्या प्रोग्रॅमने कधी पसरलं नव्हतं.

घरी मी ही गोष्ट बाबांना सांगितली. बाबा वीज केंद्रात बॉयलरवर होते. जेवता जेवता त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग पोहोचवला का त्यानं निरोप?"

दुसऱ्या दिवशी मी सरांना तेच विचारलं. सर म्हणाले, "काव्य निरोपावरच संपतं."

"तरीच," घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले. "ढगाचा काय भरवसा."

आम्ही कामाला लागलो. पहिली अडचण दिशांची आली. मशीनला एकेका अक्षराचा हुकूम द्यायचा होता, तोही रोमन लिपीत. उत्तर आणि दक्षिण ठीक होतं, पण पूर्व आणि पश्चिम दोन्ही 'पी'. सर म्हणाले, त्यात काय, जुने शब्द घेऊ, प्राची आणि प्रतीची. मी कागदावर लिहून दाखवलं तेव्हा दोघांनाही हसू आलं. पुन्हा 'पी' आणि 'पी'. आमच्या घरी कोणी पूर्व-पश्चिम म्हणतच नसे, उगवतीकडे आणि मावळतीकडे म्हणत. मग मी वर, खाली, उगवत, मावळत असं ठरवलं. चारही अक्षरं वेगळी. सर थोडे नाराज झाले, पण ढगाला 'वर' जा म्हणताना पुढे त्यांनाच मजा वाटू लागली.

दुसरी अडचण मालकांची. ते म्हणाले, गेम म्हणजे स्कोर पाहिजे. "ढगाला मार्क द्यायचे?" सर म्हणाले. मग पाण्याचाच स्कोर केला. बरसलं की पाणी कमी, नदीवर थांबलं की जास्त. पाणी संपलं की ढग विरला आणि खेळ खलास.

तिसरी अडचण विजेची. ती कधी जाईल नेम नसे, आणि गेली की टाइप केलेलं सगळं पुसलं जाई. विंध्य पर्वत मी किती वेळा उभा केला याची गणतीच नाही. घरी येऊन बाबांवर चिडायची. बाबा शांतपणे म्हणत, "आम्ही तं पाठवली वं. मधात कुठं राहिली, काय मालूम."

याच सुमारास काकू आल्या. काकू म्हणजे सरांची बायको. सर रोज एवढा वेळ कुठे असतात ते बघायला म्हणून आल्या. येताना संत्री घेऊन आल्या. माहेर नरखेडकडचं, त्यामुळे त्यांच्या पिशवीत संत्री नाहीत असं सहसा होत नसे. चपला काढून आत आल्या, सरांच्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "ह्या ढगाले नरखेड कुठंसं लागते?"

"काव्यात नरखेड नाही," सर म्हणाले.

"काव्यात नसंल. पण रामटेकवरून निघाला न तो? मंग त्याले वरून दिसलंच असंल."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी मावळतीकडे नरखेड घातलं. दोन ओळींचं तर काम होतं.

मग काकूंना सगळा खेळ दाखवला. सर बाजूला बसून सांगत होते, ही नर्मदा, ही विदिशा, हिच्याजवळची ही वेत्रवती. वेत्रवती म्हणजे सरांचा जीव. तिच्या लाटांवर त्यांनी चार ओळी रचल्या होत्या. त्या रोमन अक्षरांत वाचणं म्हणजे खडे चावणं होतं, पण एकही शब्द काढू देत नसत. मग वाकडी वाट करून उज्जैन. सरळ उत्तरेला गेलं तर शेवटची, त्या माणसाच्या बायकोची खिडकी बंदच राहील, अशी सरांनी व्यवस्था केली होती. "वाकडी वाट करायला सांगितलीय त्याला. चुकवून कसं चालेल?"

ढग शेवटी पोहोचला. खिडकी उघडली. निरोप दिला. पडद्यावर आलं, खेळ संपला.

काकू थांबल्या. "अन् ती काय म्हणते?"

"कोण?"

"ती बाई. निरोप आयकून काय म्हणते?"

"काही नाही," सर म्हणाले. "काव्य तिथेच संपतं."

"बोलता नाही येत का तिले?"

सर हसले. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या आणि संत्रं सोलता सोलता मला सांगू लागल्या, जसं काही सर खोलीत नव्हतेच.

सरांची नोकरी बरीच वर्षं चांद्याकडच्या जंगलातल्या शाळेत होती. मुलांच्या शिक्षणासाठी काकू नागपुरात राहिल्या. पत्र पोहोचायला वेळ लागे, म्हणून सर एसटीच्या कंडक्टरजवळ निरोप द्यायचे. काकू पोरांना घेऊन स्टँडवर जायच्या. "निरोप काय, तं लोणचं पाठव. धाकट्याचा खोकला कसा आहे. एक डाव छत्री पाठव म्हणे. ढगबिग काही नाही." त्यांनी एक फोड माझ्या हातावर ठेवली. "अन् कंडक्टर घाई करे. बाई, लवकर सांगा, गाडी सुटून राहिली. मी म्हणो, सगळं ठीक आहे म्हणा. दरवेळी तेच. सगळं ठीक आहे म्हणा."

"ठीकच होतं की," सर हळूच म्हणाले.

"तुम्हाले कोणी सांगितलं?"

"तूच."

"मंग!" काकू म्हणाल्या आणि पिशवी उचलून घरी गेल्या.

त्या दिवशी सरांनी एक ओळही सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र येऊन बसले आणि म्हणाले, "तिचं उत्तर घालायचं. हिला विचारून आलोय. ही येऊन स्वतः सांगेल."

मी म्हटलं, "सर, जागा नाही."

खरंच नव्हती. त्या मशीनची मेमरी एवढीशी होती, की आता तिच्यात एक नमस्कारही मावला नसता. नवीन ओळ घातली की ती तक्रार करी. काहीतरी काढावं लागणार होतं. सर म्हणाले, नरखेड काढा. मी म्हणाले, तुम्ही सांगा काकूंना. मग ते नरखेडाबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

काकू आल्या. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले. मला वाटलं, इतक्या वर्षांचं आहे, मोठं काहीतरी सांगतील, आणि ते कुठे मावेल या काळजीत मी होते. काकूंनी पदर नीट केला. एकदा सरांकडे पाहिलं.

"लिही. ठीक नाही आहे. लवकर या."

"एवढंच?"

"एवढंच."

मशीनने तेवढंही घेतलं नाही. मी सरांकडे पाहिलं. ते पडद्याकडे बघत होते. खाली शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "वेत्रवती काढा."

"सगळी?"

"नाव ठेवा. लाटा काढा."

मी लाटा काढल्या. काकूंची ओळ बसली, वर थोडी जागाही उरली. सरांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "'ठीक'मध्ये दोन 'ई' हव्यात." मी घातल्या. काकू म्हणाल्या, "आता तरी चुका काढू नका," आणि मग दोघंही हसले. मी उगाचच टेपरेकॉर्डरची वायर तपासत बसले.

दिवाळीनंतर मालकांनी पालकांसाठी कार्यक्रम ठेवला. खुर्च्या भाड्याने आणल्या, समोसे मागवले, टीव्हीला हार घातला. बाबाही कामावरून सुट्टी घेऊन आले आणि सरांना भेटले. सर त्यांना म्हणाले, "तुमच्या मुलीनं मला शिकवलं." बाबा म्हणाले, "घरी तं आमचं आयकत नाही." दोघांनी बराच वेळ हात हातात धरून ठेवला होता.

खेळायला पहिले उठले ते एका विद्यार्थ्याचे वडील. नरखेडकडे त्यांचा संत्र्यांचा बगीचा होता. पडद्यावर मावळतीकडे नरखेड दिसताच त्यांनी ढग तिकडे वळवला आणि सगळं पाणी तिथेच बरसवलं. मशीनने सांगितलं, पाणी संपलं, निरोप पोहोचला नाही. ते प्रसन्न चेहऱ्याने मागे वळले. "पोहोचला न गा! बराबर जागी पोहोचला." सगळा हॉल हसला. टाळ्या सगळ्यांत जास्त वेळ काकूंनी वाजवल्या.

नंतर शाळेतल्या दोन मुली बसल्या. एक वाचायची, दुसरी बटणं दाबायची. नर्मदेवर पाणी भरलं, वाकडी वाट करून उज्जैनला गेल्या, आणि खिडकीशी पोहोचल्या. वाचणारी मुलगी मोठ्याने वाचत होती, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "ठीक नाही आहे. लवकर या." पाठोपाठ, खेळ संपला.

"मग तो जातो का?" मुलीने मला विचारलं.

मी काही म्हणायच्या आत मागून सर म्हणाले, "जातो."

"पण इथे तर नाही लिहिलेलं."

"मी सांगतो ना. जातो."

मालकांना हा भाग फारसा कळला नाही, पण क्लासला पुष्कळ नवी मुलं आली, त्यामुळे ते खूश होते. पुढच्या पावसाळ्यात सर क्लासला येईनासे झाले. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. चौकशीला गेले तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, दोघं उज्जैनला गेलेत.

परत आल्यावर काकू एकट्याच क्लासमध्ये आल्या, सरांना सर्दी झाली म्हणून. इतकी वर्षं पोरांना ती वाट शिकवत होते, पण सर स्वतः कधी तिकडे गेलेच नव्हते, हे काकूंना तिकीट काढताना कळलं. "मले म्हणे, मला सगळं पाठ आहे. अन् स्टेशनावर उतरल्यावर रिक्षावाल्याले इचारून राहिले, देऊळ कोणत्या बाजूनं." त्या पोट धरून हसत होत्या. "दोन दिवस भिजलो. एकाच छत्रीत. यांले काही इचारलं का, तं ते इतिहास सांगत. मी म्हटलं, आधी चहा सांगा."

त्यांनी पिशवीतून उज्जैनच्या शेवेचं पाकीट काढलं. तिखट होती, डोळ्यांत पाणी आणणारी. मी पोरांना एकेक मूठ वाटली, आणि मालक येण्याआधी आम्ही सगळ्यांनी मिळून कीबोर्डवरचे कण पुसून काढले.